बाप्याला कशाला हवी रजा?

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या काकांच्या घरी पंगत उठल्यावर जो विषय निघाला, तो जर्मनीत स्टुटगार्टला परतून महिना उलटला तरी माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या चुलतभावाला ऑगस्टमध्ये मुलगा झाला. हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीत वडिलांसाठी पाच दिवसांची रजा आहे. त्याने स्वतःची साठलेली रजा जोडून तीन आठवडे मागितले, तेव्हा ‘घरात आई नाही का, सासू नाही का’ असे विचारून साहेबांनी दहा दिवसांवर त्याची बोळवण केली. भावाने हे तक्रार म्हणून सांगितले, पण खोलीत हशा पिकला. काका म्हणाले, “बाळंतपण बाईचं. बाप्याला कशाला हवी रजा? तो काय पाजणार आहे?” आत्याचे म्हणणे असे की, रजा मिळाली तरी बाप्ये घरात लोळतच पडणार. भोसरीत वर्कशॉप चालवणारे भावोजी म्हणाले, “बायकांना 26 आठवडे द्यावे लागतात, आता पुरुषांनाही द्यायची तर मशीन कोण चालवणार?” मी तोंड उघडले तेवढ्यात काकांनी हात वर केला. “तुझं तिकडचं नको सांगूस. तिकडे सगळं फुकट असतं.”

हे ‘फुकट’ मला झोंबले. दर महिन्याला माझ्या पगारातून काय काय कापले जाते, त्याचा कागद मी काकांपुढे ठेवायला हवा होता. मुलगी झाल्यावर पत्नीला आणि मला मिळून चौदा महिन्यांचे एल्टर्नगेल्ड, म्हणजे मुलासाठी रजा घेणाऱ्या आईवडिलांना मिळणारा सरकारी भत्ता, मंजूर झाले. त्यातले बारा महिने तिचे आणि दोन माझे आहेत. माझे दोन मी घेतले नसते, तर ते तिलाही मिळाले नसते, बुडालेच असते. हे पैसे करांतून येतात. ते निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के असतात आणि महिन्याला 1800 युरोंच्या वर जात नाहीत. घरभाडे आणि हीटिंग गेले की त्यातले फारसे काही उरत नाही, म्हणून माझ्या रजेच्या महिन्यासाठी आम्ही वर्षभर आधीपासून बचत केली होती. ज्याच्यासाठी मी नऊ वर्षे कर भरला आणि ज्याच्यासाठी अर्धे सामान जुन्या बाजारातून आणले, त्याला माझ्या घरच्यांनी फुकट म्हणावे, हे मला सहन होत नाही.

भावोजींची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खरी आहे. भारतात 2017च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, हे चांगलेच झाले. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारात बसणाऱ्या स्त्रिया सोडल्या, तर त्या रजेचा सगळा पगार मालकाने एकट्याने सोसायचा आहे. पंधरा माणसांच्या वर्कशॉपला तो जड जातो, आणि मग मुलाखतीला आलेल्या पंचविशीतल्या मुलीकडे पाहून मालकाच्या मनात जो हिशेब होतो, तो कुणी बोलून दाखवत नाही. इथे माझ्या पत्नीला प्रसूतीआधीचे आणि नंतरचे मिळून चौदा आठवडे पूर्ण वेतन मिळाले. त्यातला जो वाटा तिच्या मालकाने दिला, तो त्याला एका निधीतून परत मिळाला. त्या निधीत प्रत्येक मालक पैसे भरतो, मग त्याच्याकडे एकही बाई कामाला असो वा नसो. भावोजींनी मागायचे तर हे मागावे. पुरुषाला रजा नाकारून त्यांचा एक रुपयाही वाचत नाही. उलट, मूल झाल्यावर फक्त बाईच घरी बसते अशी रीत पक्की झाली, की नोकरी देताना फक्त बाईच महाग दिसते.

आणि हे तिकडचे आहे, असे तरी कुणी का म्हणावे? 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले होते की, आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्याच्याही आधी, 1863 साली, याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ज्या बाळंतिणींना कुणी दारात उभे करत नव्हते त्यांच्यासाठी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला पुढे दत्तक घेतले. मूल कुणी वाढवायचे, हा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर आणणारी माणसे आपलीच होती. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना आजही मूल झाल्यावर 15 दिवसांची पगारी रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदा नाही, आणि तो नाही याची खंत त्या खोलीत माझ्या भावाखेरीज कुणालाच वाटली नाही.

आत्याला उत्तर द्यायचे तर मला माझा पहिला महिना सांगावा लागेल. मुलगी तीन आठवडे आधी झाली. आईचा व्हिसा हातात यायचा होता, आणि ती इथे पोहोचली तेव्हा बाळ सव्वा महिन्याचे झाले होते. म्हणजे ज्या सव्वा महिन्यात पुण्यात बाळंतिणीला पलंगावरून खाली पाय टेकवू देत नाहीत, तो आम्ही दोघांनी नोव्हेंबरच्या अंधारात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात काढला. पहिले दोन दिवस मी आत्या म्हणते तसा नुसताच बसून होतो, कारण काय करायचे ते मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी हेबामे, म्हणजे इथली घरी येणारी सुईण, आली. तिने फडक्याच्या झोळीत घालून काट्यावर बाळाचे वजन केले, ते वहीत लिहिले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली की आंघोळ तुम्ही घालायची. तिने माझा डावा हात हातात घेऊन बाळाच्या मानेखालून नेला आणि माझा अंगठा व पहिले बोट पलीकडच्या दंडाभोवती गुंफून दिले. बाळ पाण्यात गेल्यावर त्याच्या आवळलेल्या मुठी एकेक बोट करून उघडल्या. त्या दिवसापासून ते काम माझे झाले.

स्वयंपाकाचेही तसेच. डिंक कुठे मिळेना, पण अळीव मिळाले. इथले लोक खिडकीत कापसावर पेरून त्याची कोवळी पाने पावावर घालून खातात, म्हणून सेंद्रिय मालाच्या दुकानात उगवणीच्या बियांमध्ये त्याची पाकिटे असतात. मी सहा पाकिटे आणली, आईला व्हिडिओ कॉल लावून नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घातले, आणि गूळ-खोबऱ्याचे लाडू तिसऱ्या खेपेला वळले गेले. पत्नीने पहिला लाडू खाल्ला आणि रडली. हा लाडू आपल्याकडे किती हातांतून जाऊन बाळंतिणीपर्यंत पोहोचतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

पुण्यात ते हात दिसत नाहीत, आणि मला वाटते काकांच्या हशाचे मूळ तिथेच आहे. भावाच्या घरी सकाळी नऊला मालिशवाल्या मावशी येतात. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला पायांवर पालथे घेऊन त्या ज्या सफाईने तेल लावतात, तसे मला जन्मात जमणार नाही. वहिनीच्या आई पंढरपूरहून दोन महिन्यांसाठी येऊन राहिल्या आहेत. काकू सहाणेवर हळकुंड, सुंठ, जायफळ, मुरूडशेंग यांचे मोजून वेढे देऊन गुटी उगाळते. तीन बायका राबत असताना बाप्याला रजा कशाला, असे कुणालाही वाटेल. पण मी मावशींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या मुलाच्या वेळी विसाव्या दिवशी त्या दुसऱ्याच्या बाळाला न्हाऊ घालायला गेल्या होत्या. त्या पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत राहतात. त्यांना 26 आठवड्यांचा कायदा लागू होत नाही, कारण त्या कुठल्याच आस्थापनेत नाहीत. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये मिळतात, सरकारचा आधार असा तुटपुंजाच. भावोजींना कायदा महाग वाटतो. घरोघरच्या बाळंतपणाचा खरा खर्च वर्षानुवर्षे अशा बायकांनी भरलेला आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, कारण तोवर माझा आवाज चढला होता आणि पत्नीने मला खुणेने गप्प केले होते.

मात्र मी गप्प बसलो त्याला आणखी एक कारण होते, आणि ते मला इथे लिहिलेच पाहिजे. भावाचे मूल त्या दुपारी सात मांड्यांवर फिरले आणि आठवीवर झोपून गेले. माझी लेक दहा महिन्यांची. तिला घ्यायला बाबांनी हात पुढे केले, तेव्हा तिने माझ्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरली आणि तोंड फिरवले. बाबा हात तसेच पुढे धरून काही वेळ उभे राहिले, मग पंख्याचे बटण बघतो म्हणून बाजूला झाले. काका म्हणाले, “बघ, तुझ्या रजेचा परिणाम.” मी चिडलो, पण त्यांचे सगळेच खोटे नव्हते. माझ्या लेकीच्या जगात दोनच माणसे आहेत. ज्या रजेची मी एवढी बाजू घेतो, तिने तिला बाप दिला. आजोबा देणे तिच्या हातात नव्हते, ते माझ्या हातात होते आणि मी साडेसहा हजार किलोमीटरांवर येऊन राहिलो. मी इथे पाच वर्षांहून अधिक काळ राहतो आणि माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे, म्हणून इथल्या कायद्याने ती जन्मतःच जर्मन ठरली. मुंबईला उतरलो तेव्हा आमच्या दोघांचे पासपोर्ट निळे होते आणि तिचा तांबडा. अधिकाऱ्याने तिचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे ओळखपत्र, मागितले, तेव्हा आपल्या लेकीला आजोळी आणि आजीआजोबांकडे यायला कागद दाखवावा लागतो, हे पहिल्यांदा माझ्या अंगावर आले. ‘तुझं तिकडचं’ हे काकांचे शब्द मला एवढे का लागले, ते मला तेव्हा कळले असावे.

निघण्याच्या आदल्या रात्री बाबा गॅलरीत येऊन बसले. माझ्या जन्माच्या वेळी ते पिंपरीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. निरोप मिळाला, पाळी संपवली, आणि मला त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिले. हे मला माहीत होते. पुढचे माहीत नव्हते. ते म्हणाले, “तुला उचलायची मला भीती वाटायची. बायका हसतील म्हणून कुणाला विचारलंही नाही. तू चालायला लागलास तेव्हा कुठे नीट हात लावला.” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले की आंघोळीच्या वेळी मान कशी धरतात. मी त्यांचा डावा हात घेतला आणि उशीवर दाखवले.

माझ्या रजेचा दुसरा महिना, बाळाचा तेरावा, अजून शिल्लक आहे. पत्नी तेव्हा कामावर रुजू होईल. किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळायला मार्च उजाडेल, असे त्यांनी कळवले आहे. तो महिना मी मुलीला घेऊन एकटा पुण्यात काढणार आहे. फ्रँकफर्टहून रात्रीचे विमान आहे. विमानातल्या पाळण्यात ती आता मावणार नाही, म्हणून आठ तास मांडीवरच घेऊन बसावे लागेल. काकांना कळले तेव्हा त्यांनी फोन करून विचारले की आईविना मूल एकट्या बापाबरोबर राहील का. मी हो म्हटले. बाबांनी नळाचे गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येते ते सोसायटीच्या वॉचमनकडून लिहून घेतले आहे आणि आंघोळीला साडेआठची वेळ ठरवली आहे.