दहा सिटिंग्ज कधी वापरायच्या?

फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉक्टर' लावावं की नाही, हा आपल्याकडचा वाद काही विझत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने मुभा दिली, ९ सप्टेंबरला आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या पत्राने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. ब्रिटनमधून हे पाहताना गंमत वाटते. इथे पेशंट फिजिओला सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. तरीही जादा प्रशिक्षण घेतलेले फिजिओ २०१३ पासून स्वतःच्या सहीने औषधं लिहून देऊ शकतात.

दुसरा वाद मशीनचा: फिजिओने मशीन लावावं की व्यायाम द्यावा? उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये आणि सांध्यांच्या झिजेसाठी २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं: अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स, आयएफटी (दोन्ही दुखणं कमी करायला त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारी मशीन) देऊ नका, व्यायाम द्या. ते दाखले घेऊन आपल्याकडच्या क्लिनिकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण फिजिओने पेशंटला कोणत्या टप्प्यावर काय सांगितलं, हा प्रश्न दोन्ही वादांत कुणी विचारत नाही.

एसीएलचं उदाहरण घेऊ. कबड्डीत पकडीत पाय रुतलेला असताना अंग वळलं की गुडघ्यातलं हे लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटतं. शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडचा सर्रास क्रम असा: पहिल्या महिन्यात रोज सिटिंग, शेक, मशीन, गुडघा नव्वद अंशांत वाकला, चालता आलं की सुट्टी. मग मुलगा एकदम सहाव्या महिन्यात सर्जनना दाखवायला जातो, आणि बऱ्याचदा तोवर मैदानात उतरलेलाही असतो.

मधल्या काळात गुडघ्यात काय चाललेलं असतं, हे त्याला माहीतच नसतं. मांडीमागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा टेंडन (दोरीसारखा चिवट पट्टा) काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला असतो. पहिल्या दिवशी तो मजबूत असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने आतल्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत तो सगळ्यात कच्चा असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, जिना सहज चढता येतो, दुखत तर नाहीच. मग बुलेटला किक मारून बघितली जाते. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा समज इथे घात करतो. पहिल्या पंधरवड्यात मात्र दुखतंय म्हणजे टाके तुटले, या भीतीने तोच मुलगा पाय हलवत नाही. म्हणून एकदाच सगळं सांगून भागत नाही. पहिल्या आठवड्यातला सल्ला तिसऱ्या महिन्यात जवळजवळ उलटा द्यावा लागतो.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा वाकवण्याआधी सरळ करणं महत्त्वाचं, हे घरच्यांनाही सांगा. कारण गुडघ्याखाली मायेने उशी देणारी माणसं घरचीच असतात. त्या उशीवर गुडघा आराम करतो आणि अर्धवट वाकलेलाच आखडतो. पुढे सांध्याच्या पुढच्या भागात चट्ट्याची गाठ धरली तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. उशी काढा, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा अधांतरी सोडा: दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याबरोबर मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, दहा वेळा. सुरुवातीला मांडी 'ऐकत' नाही, कारण सांध्यातली सूजच त्या स्नायूला मिळणारा हुकूम दाबून टाकते. हे सांगितलं नाही तर पेशंटला वाटतं, पाय गेला. गुडघ्यातली गादीसारखी चकती (मेनिस्कस) फाटल्यामुळे शिवलेली असेल तर वाकवण्याच्या आणि वजन टाकण्याच्या मर्यादा वेगळ्या. त्या सर्जनकडून लिहून घ्याव्यात. पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर सिटिंगची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

मशीनबद्दल एक सांगायला हवं: मांडीच्या स्नायूला झटके देणारं स्टिम्युलेटर या काळात खरोखर उपयोगी आहे, फक्त पेशंटने त्याच वेळी स्वतःही मांडी आवळली पाहिजे. आयएफटीची वीस मिनिटं मात्र बहुतेकदा मोबाईल पाहण्यात जातात. बंद करा म्हटलं तर पेशंटच नाराज होतो, 'काही केलंच नाही' म्हणतो. मग निदान त्या वीस मिनिटांत शेजारी बसून बोला. शेवटी विचारा, 'घरी आईला काय सांगशील?' तो जे चुकीचं सांगेल, तो उद्याचा धडा. आणि व्यायाम तीनच द्या. बारा चित्रांचा कागद घडी घालून पाकिटात जातो.

पुढच्या महिन्यांसाठी शिंप्याची टेप पुरते. वाटीच्या मध्यावरून गुडघ्याचा घेर रोज सकाळी मोजायचा. कालच्यापेक्षा सेंटीमीटरभर वाढला, किंवा व्यायामानंतरचं दुखणं चोवीस तासांत उतरलं नाही, तर कालचा भार जास्त झाला. व्यायाम सोडायचा नाही, एक पायरी खाली यायचं. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं चालेल.

मैदानात कधी? ओस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ जणांची पाहणी छापली. निकष पूर्ण न करता खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली, पूर्ण करणाऱ्यांत ६ टक्क्यांहून कमी. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका धोका दर महिन्याला जवळपास निम्मा होत गेला. पाहणी लहान आहे, आकडे वेदवाक्य मानू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. निकष म्हणजे मुख्यतः मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के. चांगला पाय १५० सेंटीमीटर उडत असेल तर दुसरा १३५. यात एक फसगत आहे: घरी बसून चांगला पायही कमजोर होतो आणि टक्केवारी फुकट वाढते. म्हणून शक्य असेल तर शस्त्रक्रियेआधीच चांगल्या पायाचं माप लिहून ठेवावं. महागडं यंत्र नसेल तर जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं साधन) एकेका पायाने किती किलो उचलतो ते पाहावं, मात्र ही चाचणी सुरुवातीच्या महिन्यांत करायची नाही.

ब्रिटनमध्ये हे सगळं कागदावर छान आहे. प्रत्यक्षात सरकारी सेवेत दोन भेटींमध्ये कित्येक आठवडे जातात, मध्ये फोनवर व्हिडिओची लिंक येते, आणि उशी कुणी ठेवली ते पाहायला घरी कुणी येत नाही. रोज पेशंट डोळ्यांसमोर असणं ही आपल्याकडची चैन आहे. इथल्या फिजिओला ती कधीच मिळणार नाही.

ती चैन पहिल्याच महिन्यात उधळली जाते, हे माझं गाऱ्हाणं. दहाच सिटिंग्जचे पैसे असतील तर चार पहिल्या तीन आठवड्यांत वापरा, एक सहाव्या आठवड्यात, एक तिसऱ्या महिन्यात, दोन उड्या आणि दिशा बदलणं शिकवायला पाचव्या-सहाव्यात, उरलेल्या दोन नवव्या महिन्याच्या चाचणीला. पॅकेजचे पैसे आधी घेतले तर हिशोबही बुडत नाही. आणि चाचणीचा कागद दोन प्रतींत द्या, एक खेळाडूला आणि एक मंडळाच्या प्रशिक्षकाला. स्पर्धा तोंडावर आली की 'खेळवू का' हे ठरवणारा माणूस तोच असतो, आणि क्लिनिकमध्ये त्याला कुणी बोलावलेलंच नसतं.