फाटका आवाज, चोख अर्थिंग

इलेक्ट्रिक गिटारवाल्याचा निम्मा वेळ आवाज बिघडवण्यात जातो आणि उरलेला निम्मा, तो मुद्दाम बिघडवला आहे हे घरच्यांना पटवण्यात. आमच्याकडे दुसरं काम जास्त जड जातं, कारण बाबा वीजमंडळातून निवृत्त झालेत.

त्यांना मी इतिहास सांगून पाहिला. अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१च्या एका गाण्यात नॅशव्हिलच्या स्टुडिओतलं बिघडलेलं चॅनल घरघरलं, ती घरघर लोकांना आवडली, आणि पुढच्याच वर्षी तसाच आवाज काढणारं, पायाने दाबायचं ‘मॅस्ट्रो’ ब्रँडचं फझ पेडल बाजारात आलं. १९६४ साली ‘द किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेड घेऊन स्वतःच्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) स्पीकरचा पडदा फाडला, आणि त्या फाटक्या आवाजाचं गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “स्पीकर घेऊन कोणी दिला होता त्याला?”

तरी फझ परवडला. खरा जाच त्याच्या मागून येणाऱ्या ‘गूं’चा. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे तारांखाली तारेचं एकच वेटोळं असलेले चुंबकी ‘कान’. तारांची थरथर पकडता पकडता ते भिंतीतल्या विजेचे ५० हर्ट्झही पकडतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली यावर तोड काढली: दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, म्हणजे गूं आपसात कटते. ते हंबकर. पण मला आवाज हवा सिंगल कॉइलचा आणि शांतता हंबकरची! मग मी गिटार घेऊन खोलीभर गोल फिरतो, कारण तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ही गूं कमीजास्त होते. आमच्या घरात ती सगळ्यात कमी होते बाथरूमच्या दाराकडे तोंड केल्यावर. माझा रियाज त्याच दिशेला चालतो. आलेले पाहुणे “कोणी आत आहे का?” असं विचारून बाहेरच ताटकळतात.

पेडलांचे सोपस्कार वेगळेच. ९ व्होल्ट हवेत, आणि बहुतेकांना पिनेच्या आत मायनस, बाहेर प्लस. घरात सापडणारे अडॅप्टर नेमके उलटे. फझ जवळजवळ सगळ्यांच्या आधी, आवाजाचे पडसाद उमटवणारा डिले शेवटाकडे. पाच पेडलं एकाच अडॅप्टरवर लटकवली की त्यांच्यात कुजबुज सुरू होते. शेवटी बाबाच टेस्टर घेऊन आले. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनेला वायरच नाही! ती जोडली आणि निम्मी गूं गेली. बाबा खुर्ची ओढून बसले. “आता वाजव.” मी फझवर पाय दिला. बाबा उठले आणि मेन स्विचकडे गेले.

गिटारचाच व्हॉल्यूम थोडा उतरवला की चांगला फझ निवळतो, तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, ठेवली की तार ठसक्यात बोलते, हे त्यांना ऐकवायचं राहूनच गेलं.

ऐकणारं माणूस खालच्या मजल्यावर निघालं. तिथल्या काकू गाण्याचा क्लास घेतात. मला धडकीच भरली होती, पण घरघरीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. जिन्यात गाठून म्हणाल्या, “मींड घेतोस ना, तार ओढून? पंचमापासून धैवतापर्यंत जायचं तर पूर्ण जा. दरवेळी वाटेतच उतरतोस तू.”

अडचण अशी की त्या दिवशी डिले चालू होता. वाटेत उतरलेला तो धैवत दर वेळी चार-चारदा ऐकू जात होता. आता मी डिले बंद ठेवून बेंडचा सराव करतो. परवा जरा जमल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा लावला, तर दोन मिनिटांत खालून फोन.

“अरे, एकदा कळलं. परत परत नको सांगूस.”