पोटभाडेकरू

परवा रविवारी मेव्हण्याला सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि वर फुशारकी मारली की आज सिनेमा फोर-केमध्ये. नव्या टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या बॉक्सचा मेनू झळझळीत दिसला, पोस्टरं दिसली. सिनेमा लावला आणि पडदा काळा. वर एक संदेश, त्यात चार अक्षरं: एचडीसीपी. म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून चित्राला घातलेलं कुलूप. मेव्हणा म्हणाला, "आमचा साधाच आहे, पण दिसतो." हे वाक्य अजून टोचतंय.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी टँकरची वर्गणी मागायला आले. पार्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माणसांना फ्लॅटच्या नंबरानं हाक मारतात.

"काय हो तीनशे दोन, अंधारात काय बघताय?"

म्हटलं, "बॉक्स ठीक, टीव्ही ठीक. मधल्या रिसिव्हरपाशी अडतंय."

"मधला? मध्ये कोणाला घातलंत?"

सांगितलं. रिसिव्हर बॉक्सकडून चित्र-आवाज घेतो, आवाज स्पीकरना देतो, चित्र पुढे टीव्हीला. पण चित्र कुलूपबंद येतं. बॉक्स आधी रिसिव्हरची ओळख तपासतो, आणि रिसिव्हरला आपल्या पुढे कोणकोण जोडलंय त्याची यादी बॉक्सकडे द्यावी लागते.

सेक्रेटरी चपला काढून सोफ्यावर बसले. "म्हणजे पोटभाडेकरू! मग यादी मागणारच. व्हेरिफिकेशन?"

"तेही आहे. बाद केलेल्या उपकरणांची वेगळी यादी असते, तीही बघतात. जुन्या पद्धतीत तर सिनेमा चालू असताना दर दोन सेकंदांनी पुन्हा तपासणी."

"दर दोन सेकंदांनी!" त्यांचा आवाज हळवा झाला. "आमचा वॉचमन दोन तासांनी उठत नाही. किती पोटभाडेकरू चालतात?"

"जुन्या नियमात 127 उपकरणं, सात पायऱ्यांपर्यंत. नव्यात 32 आणि चार."

"कमी केले! शहाणी माणसं आहेत. मग तुमचं अडलं कुठे?"

"रिसिव्हर 2012 चा. या सिनेमाला एचडीसीपी 2.2 लागतं, ते आलं 2013 मध्ये. बॉक्सकडे आहे, टीव्हीकडे आहे, मधल्याकडे नाही. त्याला चिपच नवी लागते."

"म्हणजे कागद जुने."

"अहो, पण पाचही स्पीकर ठणठणीत वाजतात!"

"वाजण्याचा प्रश्नच नाही, तीनशे दोन. कागद."

बायको आतून म्हणाली, "बरोबर बोलताहेत ते." आता हिला एचडीसीपीतलं काय कळतं? पण रिसिव्हर घराबाहेर जाण्याच्या बाजूनं जो बोलेल तो हिच्या मते बरोबर.

चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. हा सगळा बंदोबस्त म्हणे चोरांसाठी. या कुलपाच्या आधीच्या आवृत्तीची मास्टर किल्ली सप्टेंबर 2010 मध्ये इंटरनेटवर फुटली. ती खरी असल्याचं कुलूप बनवणाऱ्या इंटेलनंच मान्य केलं. मग कुलूप बदललं. चोर काही त्यामुळे उपाशी बसलेले नाहीत. चोरलेल्या फाइलला ना ओळख द्यावी लागते ना यादी. ओळखपरेड माझी, दरमहा पैसे भरणाऱ्याची, तीही पाहुण्यांसमोर. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, एक्सचेंज ऑफर चालू आहे." धडधाकट यंत्र भंगारात घाला म्हणण्याची ही सभ्य रीत.

शेवटी बॉक्स थेट टीव्हीला जोडला आणि आवाज टीव्हीतून एआरसीनं, म्हणजे टीव्हीच्या केबलमधून उलट्या दिशेनं, रिसिव्हरकडे परत आणला. चित्र आलं. आवाजही आला, पण दाबून बसवलेला. मूळ आवाज जराही न कापता सगळ्या स्पीकरना न्यायचा तर त्याचीच सुधारित आवृत्ती, ईएआरसी, हवी, म्हणजे पुन्हा नवा रिसिव्हर. मेव्हण्याला फरक कळला नाही. त्याला काहीच कळत नाही.

सेक्रेटरी मध्यंतरापर्यंत बसले, दोनदा चहा झाला. उठताना टँकरचे पैसे मोजून खिशात घातले.

"थेट जोडलंत ते उत्तम केलंत," ते म्हणाले. "आता तो कोपऱ्यातला सबवूफर. त्याची सोसायटीत नोंद आहे का?"