कार्ड आसा, गाडी खंय?

सकाळी घरच्या ग्रुपवर आमच्या एका चाकरमानी भावाने टाकलंय, "टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकारच्या आयुष्मान कार्डावर पाच लाखांचे उपचार गावाने फुकट घ्यायचे." खाली चार अंगठे. माझा चहा निवला.

फुकट? गावातले आमचे काका आंब्याच्या कलमांना फवारणी करतात, पंपात डिझेल घालतात, त्यावर कर जात नाही काय? तुझ्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात शून्य झाला. ती सूट कुणाच्या खिशातून, असं काकांनी विचारलं नाही हो तुला!

त्याच काकांच्या छातीत मे महिन्यात रात्री अकराला कळ आली. तालुक्याला ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले कोल्हापूरला न्या. १०८ची सरकारी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. खासगी गाडीवाल्याने सात हजार सांगितले, रोख, आधी. काकीने आंब्याच्या पेट्यांचे आलेले पैसे मोजून दिले. गगनबावड्याच्या घाटात वळणावळणाला ती एका हाताने काकांना धरून होती, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते कार्ड.

कोल्हापुरात स्टेंट पडली, एक रुपया लागला नाही. हे मान्यच करायला हवं. आणि खोटी बिलं लावणारी हॉस्पिटलं आहेत, तेही मान्य. मग त्यांना धरा ना, काकांना कशाला?

माझा राग वेगळाच आहे. आयुष्मानचे केंद्र ६० टक्के देणार, राज्य ४० टक्के, यावर तासन्‌तास भांडा. पण क्लेमचे पैसे जातात जिथे हॉस्पिटल आहे तिथे, घाटापलीकडे. मग इकडे कोकणात कॅथलॅब, म्हणजे स्टेंट घालायची खोली, कोण उभारणार? २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलेलं, आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, २०२५ पर्यंत. गेलं की ते साल.

आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या? कार्ड चालतं ॲडमिट झाल्यावर, डिस्चार्जनंतर फार तर पंधरा दिवस. पुढे दर महिन्याला मेडिकलवाल्याची वही.

भावाला दुपारी फोन केला होता, भांडायलाच. तो आधी म्हणाला, "काका कसे आहेत?" मग मलाच बोलवेना. त्या रात्री सात हजारांतले चार हजार त्यानेच काकीला गुगल पे करून परत दिले होते, हे मी सकाळपासून विसरूनच बसलो होतो. तरी मेसेज चुकीचाच आहे त्याचा.

संध्याकाळी काकी कार्ड घेऊन आली. म्हणाली, "ह्या दाखवल्यार गाडी येतली काय रे?"