खाली प्रेसचं नाव आहे म्हणून चित्र जुनं ठरत नाही

‘लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्राखाली रवि वर्मा प्रेसचं नाव आणि चित्रकाराची सही असेल तर ते अस्सल, डोळे झाकून घ्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं मुळातच छापील. ही दगडी छपाई, म्हणजे लिथोग्राफी: प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, एकावर एक छपाई. म्हणजे सहीसुद्धा छापलेलीच. जुन्या प्रतीचा फोटो काढून आज नवी प्रत छापली, तर सही, प्रेसचं नाव, पिवळे डाग, सगळं आपोआप उतरतं. वर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवर आता कॉपीराइट नाही, त्यामुळे अशी छपाई बेकायदाही नाही. जुनं म्हणून विकणं ही मात्र फसवणूक.

फ्रेमवर तर मुळीच जाऊ नका. सागवानी जुन्या फ्रेमीत नवा कागद बसवायला कितीसा वेळ लागतो?

साधं भिंग घ्या, देवीच्या गालावर धरा. निळ्या-गुलाबी-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती आधुनिक ऑफसेट छपाई. दगडी छपाईत रंगाचे कण वेडेवाकडे, कमीजास्त असतात. दुकानदार फ्रेम उघडून मागची बाजू दाखवत नसेल तर जुन्याचा भाव देऊ नका.

नवी प्रत घरात लावायला काहीच हरकत नाही. फक्त ॲसिडमुक्त (लवकर पिवळा न पडणारा) कागद आणि पिगमेंट (लवकर फिकी न पडणारी) शाई मागा, काच चित्राला चिकटू देऊ नका आणि पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा.