"आमच्या लोकांना हलवू नका"

दोन कंपन्या एक झाल्या की ऑफिसचं काम आमच्याकडे, इंटिरिअरवाल्यांकडे येतं. पहिल्याच मीटिंगला मोठ्या कंपनीचे साहेब हमखास म्हणतात, "आमच्या लोकांना हलवू नका, नवीन मंडळींना मागे बसवा." याला माझा ठाम विरोध आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कामात मी हे ऐकलं. कोथरूडच्या बंगल्यात चालणारी छोटी कंपनी बाणेरला मोठ्या कंपनीच्या मजल्यावर आली. त्या साठ जणांना मी लिफ्टपासून सगळ्यात लांबची बाजू दिली. खुर्च्या नव्याकोऱ्या, उजेड भरपूर, खिडकीतून टेकडी दिसायची. चहासाठी लांब जावं लागू नये म्हणून वेगळं मशीनही लावलं. सहा महिन्यांनी काही दुरुस्तीसाठी गेले, तर जेवणाच्या सुट्टीत दोन टोकांना दोन पंगती. प्रिंटरपाशी एक मुलगी विचारत होती, "हा तुमचा की आमचा?" ती भिंत माझ्याच नकाशाने उभी केली होती. मला ते आजही लागतं.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकात इंजिनिअर मंडळींवर अभ्यास करून दाखवलं होतं, की बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं. साधारण 50 मीटरच्या पुढे तर आठवड्यातून एकदा कामाचं बोलणं होणंही दुर्मीळ. माझ्या त्या मजल्याची लांबी जवळपास तेवढीच होती.

आता माझी पहिली अट असते: हलायचं तर सगळ्यांनी. मोठ्या कंपनीच्या माणसाचंही टेबल बदललं पाहिजे, म्हणजे कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. सगळ्यांची सरमिसळ करा असं मात्र मी म्हणत नाही. अकाउंट्सवाल्यांना शांतता आणि कुलपाची कपाटं लागतात, त्यांना एकत्रच बसू द्या. पण पँट्री एकच, आणि ती मधोमध. प्लंबर दर वेळी कुरकुरतो, कारण इमारतीचे पाइप ज्या उभ्या पोकळीतून जातात त्या शाफ्टपासून लांब गेलं की सांडपाण्याच्या पाइपला उतार मिळत नाही आणि तेवढी जमीन उचलावी लागते. तो खर्च करा. रिसेप्शनमागच्या इटालियन मार्बलमधून कापा हवं तर.

आणखी एक, जे ऐन वेळी आठवतं: दोन्हीकडे तीस-तीस माणसं असताना पाळणाघराचा विषय निघालेला नसतो. एकत्र आल्यावर आकडा 50च्या वर जातो आणि कायद्यानुसार पाळणाघराची सोय करावीच लागते. लेआउट पक्का झाल्यावर त्यासाठी जागा शोधू नका. उरलेल्या कोपऱ्यात लहान मुलं ठेवायची नसतात.

गेल्या वर्षीच्या कामात लहान ऑफिसातलं जेवायचं लांब सागवानी टेबल आम्ही नव्या पँट्रीत आणलं. वर गरम डब्यांचे पांढरे गोल डाग. सुतार पॉलिश पेपर घेऊन बसलाच होता. मी म्हटलं, दादा, पाय तेवढे घट्ट करा, वरचं राहू दे.