तीन झाडे, पण अर्ज एकाच झाडाचा

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, एका संध्याकाळी जे वादळ आले त्यात आमच्या फाटकाजवळच्या गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी शेजारच्या काकांच्या उभ्या गाडीवर पडली. सुदैवाने गाडीत कोणी नव्हते आणि समोरची काच व टप एवढ्यावरच भागले, पण त्या रात्री घरात आणि भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर जवळजवळ एकमताने ठरले, की आवारातली तिन्ही मोठी झाडे आता काढून टाकावीत. पुण्याहून दादाने लिहिले, "बाबांनी लावली म्हणून आपण आयुष्यभर जीव मुठीत धरून बसायचे का?" त्या रात्री माझेही मत याहून वेगळे नव्हते, हे आधीच कबूल करतो. आज तिन्हींपैकी दोन झाडे उभी आहेत. मधल्या काळात माझे मत का बदलले हे विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून सगळे एकदाच लिहीत आहे.

आमचे घर पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमध्ये आहे. बाबांनी ते 1973 मध्ये बांधले आणि त्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीपासून बारा-तेरा फुटांवर कडुनिंब लावला. मागच्या अंगणातले जांभूळ त्यानंतरचे, आणि फाटकाजवळचा गुलमोहर सर्वांत धाकटा, म्हणजे 1988 च्या सुमाराचा. घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक झाडाविषयी वेगळी तक्रार होती. कडुनिंबामुळे भिंतीला तडा गेला, जांभळाची मुळे सांडपाण्याच्या गडरलाईनमध्ये शिरतात, गुलमोहर तारांवर आला आहे, अशा त्या तक्रारी. फांदी पडली ती गुलमोहराची, पण तिच्या निमित्ताने साऱ्या जुन्या तक्रारी एका गाठोड्यात बांधल्या गेल्या आणि शिक्षा तिघांनाही एकच ठरली. आमची पहिली चूक ही होती.

दुसऱ्याच दिवशी झाडे तोडणारा एक ठेकेदार आला. माणूस बोलायला गोड आणि कामाला चपळ होता. त्याने आवाराला एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, तिन्ही झाडं फुकटात काढून देतो, तुम्ही एक रुपया देऊ नका, फक्त लाकूड माझं." घरात सगळ्यांना आनंद झाला. मी त्याला सहज विचारले, की समजा एकच झाड काढायचे ठरले, तर कोणते काढशील? त्याने क्षणाचाही विलंब न लावता कडुनिंबाकडे बोट दाखवले, आणि वर एका जुन्या तुटलेल्या फांदीच्या जागी असलेली ढोली दाखवून म्हणाला, की हे झाड आतून पूर्ण पोकळ आहे, कधीही घरावर येईल. मग नुसता गुलमोहर काढायचे किती घेशील, असे विचारल्यावर मात्र त्याने पंधरा हजार रुपये सांगितले. आयुष्यभर सरकारी बांधकामांची अंदाजपत्रके तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागले नाही. गुलमोहराचे लाकूड मऊ, टालवालाही त्याला धड भाव देत नाही. कडुनिंबाचे लाकूड घट्ट, वाळवीला दाद न देणारे, आणि पन्नास वर्षांचे खोड म्हणजे आरा मशीनवर रोख पैसा. जे झाड सर्वांत धडधाकट तेच त्याला सर्वांत धोकादायक दिसत होते. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, पण ज्याला लाकूड न्यायचे आहे त्याच्याकडून झाडाच्या प्रकृतीचा दाखला घेणे मला पटेना.

म्हणून मी ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना घरी बोलावले. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आहे आणि आमची झाडे राहोत की जावोत, त्यांना त्यात कसलाही लाभ नव्हता. त्यांनी दोन तास घेतले. लाकडी हातोडीने कडुनिंबाचे आणि जांभळाचे खोड चोहोबाजूंनी ठोकून आवाज ऐकला, पातळ सळई घालून ढोलीची खोली पाहिली, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळे पाहिली आणि दुर्बीण लावून शेंडे पाहिले. कडुनिंब किंचित पूर्वेकडे झुकलेला आहे, याची आम्हाला नेहमी भीती वाटे. त्यांनी दाखवून दिले, की खोड झुकलेले असले तरी शेंडा पुन्हा सरळ वर गेला आहे, म्हणजे झाड लहानपणापासूनच तसे वाढले आहे. काळजी करावी ती अचानक आलेल्या कलाची, जेव्हा शेंडाही खोडाबरोबर तिरका असतो आणि कलाच्या उलट बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसते. ढोलीविषयी त्यांचे म्हणणे असे, की खोड पोकळ असणे आणि कमकुवत असणे एकच नव्हे. पोकळीभोवती उरलेल्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण 30 टक्क्यांहून कमी झाली, तर झाड धोक्यात आले असे ढोबळमानाने समजतात. आमच्या कडुनिंबाची ढोली त्या एका फांदीपुरती होती, खाली खोड ठोकले तर आवाज भरीव येत होता.

गुलमोहराकडे ते वळले तेव्हा मात्र त्यांनी हातोडी वापरलीच नाही. बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी रंगाची पंख्यासारखी कडक कवके उगवलेली होती. आम्ही ती कित्येक महिने पाहत होतो आणि मुलांना ती फार सुंदर वाटत. अशी कवके बुंध्यावर दिसतात तेव्हा आतले लाकूड आणि मुळे कुजायला लागून बराच काळ लोटलेला असतो. याचे कारण शोधायला लांब जावे लागले नाही. काही वर्षांपूर्वी समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा फाटकाबाहेर खणलेल्या चरात त्या बाजूची जाड मुळे कापली गेली होती, आणि उरलेल्या तीन बाजूंनी मी स्वतः, गाडी ठेवायला बरे म्हणून, थेट बुंध्यापर्यंत सिमेंटचे गट्टू बसवून घेतले होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. अशा झाडाची एका बाजूची मुळे कापायची, बाकीच्यांना हवा-पाणी बंद करायचे आणि मग ते वादळात टिकत नाही म्हणून तक्रार करायची, यात झाडाचा दोष किती धरायचा हा प्रश्न आहेच. पण दोष कोणाचाही असला, तरी ते झाड आता रस्त्यावर चालणाऱ्यांच्या डोक्यावर उभे होते आणि ते काढणे भागच होते.

भिंतीच्या तड्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या भागात कडुनिंब आणि पिंपळ याच आरोपाखाली सर्वाधिक तुटतात. पश्चिम नागपुरात खडक काळ्या पाषाणाचा आणि त्यावरची माती बहुतेक ठिकाणी काळी चिकण आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते, तेव्हा उथळ पाया असलेली भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. मोठे झाड मातीतले पाणी ओढून हे आकसणे वाढवते, यात शंका नाही. पण वादळाच्या दोन वर्षे आधीपासून मी त्या तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवली होती आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तड्याची रुंदी मोजून भिंतीवरच पेन्सिलीने लिहीत होतो. पहिल्या मे महिन्यात काच तडकली. तडा जूनपर्यंत वाढला, सप्टेंबरमध्ये जवळजवळ मिटला आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा तेवढाच उघडला. म्हणजे पाया खचत नव्हता, भिंत ऋतूप्रमाणे हालत होती. आता अशा जागी पन्नास वर्षांचे झाड एकाएकी काढले, तर जे पाणी ते रोज ओढत होते ते मातीतच राहते, काळी माती पुढची काही वर्षे हळूहळू फुगत जाते आणि भिंत खालून उचलली जाऊन उलट्या दिशेने तडकू शकते. झाड तोडल्यावर घराला नव्याने भेगा पडल्याच्या हकिकती सेवेत असताना मी ऐकल्या होत्या, पण स्वतःच्या घरावर वेळ येईपर्यंत त्या मला आठवल्या नाहीत. शेवटी दुरुस्ती निघाली ती अगदी साधी. गच्चीवरच्या पावसाळी पाण्याचा पाईप नेमका त्या कोपऱ्यात पायाशी गळत होता, तो बदलला, आणि भिंतीलगत तीन फूट रुंदीचा उताराचा कोबा करून पाणी पायापासून दूर काढले.

जांभळाचे प्रकरण याहून लवकर मिटले. मुळे धडक्या पाईपाला सहसा फोडत नाहीत, गळणाऱ्या सांध्यातल्या ओलीमागे आत शिरतात. आमची गडरलाईन बाबांच्या काळातली, चिनी मातीच्या पाईपांची होती. ती बदलून पीव्हीसीची टाकली आणि चेंबर चार फूट बाजूला घेतले.

ऊन हा मुद्दा भावंडांच्या गटावर कोणीच काढला नव्हता, याचे मला आजही नवल वाटते. मे महिन्यात इथला पारा 45 च्या पुढे जातो आणि घराला सर्वांत जास्त तापवते ती दुपारनंतर ऊन झेलणारी पश्चिमेची भिंत. कडुनिंबाची पाने फाल्गुनाच्या सुमारास गळतात, पण पाडव्यापर्यंत नवी पालवी फुटते आणि वैशाखात सावली पूर्ण दाट असते. गुलमोहर नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर उघडा पडतो. फुले कितीही देखणी असली, तरी कूलरवरचा भार कमी करण्याच्या कामी तो कडुनिंबाच्या पासंगालाही पुरत नाही. पुण्यात बसून झाड तोडायचे ठरवणाऱ्या दादाला मी वहिनींसह एक मे महिना इथे राहून पाहण्याचे आमंत्रण दिले आहे.

परवानगीच्या बाबतीत लोकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत, त्यांतला मुख्य असा, की आपल्या आवारातले झाड आपले, त्याचे काय करायचे ते आपण पाहू. 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी जमिनीवरच्या झाडालाही लागू आहे, आणि त्यात तोडण्याच्या व्याख्येत जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. मुळाशी ॲसिड ओता, साल सोलून ठेवा, म्हणजे झाड आपोआप मरेल, असे मला निदान तिघांनी सुचवले. ते अपराधाचेच सल्ले होते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड हेरिटेज ट्री मानले जाते, म्हणजे आमचा कडुनिंब आता त्या मानाचा धनी आहे. मी अर्ज एकट्या गुलमोहरासाठी केला, सोबत कवकांची छायाचित्रे जोडली, आणि कडुनिंबाच्या घरावर आलेल्या दोन फांद्यांच्या छाटणीसाठी वेगळी परवानगी मागितली. पाहणी झाली, झाडावर नोटीस लागली आणि ती वाचून एका ओळखीच्या गृहस्थांनी मला फाटकातच गाठले. 2021 मध्ये अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडे वाचवण्यासाठी जे नागपूरकर उभे राहिले त्यांत मीही होतो. तो मी आज स्वतःच्या दारातले झाड तोडायला निघालो, हा त्यांचा टोमणा होता. मी त्यांना बुंध्याशी नेऊन कवके दाखवली. अजनीतली झाडे निरोगी होती, एवढेच माझे उत्तर होते, आणि ते त्यांना पटले की नाही हे मला अजून समजलेले नाही.

परवानगी हाती येईपर्यंत धोका टाळण्यासाठी आम्ही एकच गोष्ट केली. झाडाखाली कोणालाही गाडी ठेवू दिली नाही आणि स्वतः मागच्या दाराने ये-जा केली. झाड पडण्याची भीती असते तेव्हा झाड हलवता येत नाही, पण त्याखालची माणसे आणि वाहने हलवता येतात.

तोडणी दिवाळीनंतर झाली आणि तिचे पैसे आम्ही मोजून दिले, लाकूडही आवारातच ठेवून घेतले. महावितरणकडून लाईन बंद करून घेतली होती. दोरखंड बांधून वरून खाली, एकेक तुकडा कापून तो सावकाश जमिनीवर उतरवायचा, ही पद्धत आम्ही आधीच ठरवून घेतली होती. दाटीवाटीच्या वस्तीत अख्खे झाड एका बाजूला ओढून पाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर जुगार खेळणे होय. शेवटचा ओंडका कापला तेव्हा त्याच्या मधोमध माझा हात कोपरापर्यंत गेला. कडुनिंबाच्या फांद्या छाटताना मी स्वतः खाली उभा होतो. आधी खालून एक अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी खोडाची साल सोलत खाली येत नाही, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून कापायचा, म्हणजे जखम आपली आपण भरते. आपल्याकडे छाटणी म्हणून झाडाचा सरसकट शेंडा उडवण्याची जी रीत आहे ती मला तोडणीहून वाईट वाटते, कारण त्या कापांवर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी पडतात.

दिवाळीनंतरचा मुहूर्त धरण्याला आणखी एक कारण होते. कडुनिंबाच्या ज्या ढोलीकडे ठेकेदाराने बोट दाखवले होते तिच्यात राखी धनेशाची जोडी घरटे करते. मादी आत बसून चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि पिले बऱ्यापैकी वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला चारा भरवतो. हे सारे मार्च ते जूनमध्ये चालते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या माणसाला होकार दिला असता, तर मादी आणि पिले आतच सापडली असती, आणि वन्यजीव कायदा 1972 चा गुन्हाही आमच्या माथी आला असता.

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद त्याच 2021 च्या दुरुस्तीत आहे. आमच्या गुलमोहराच्या वाट्याची तेवढी झाडे या प्लॉटवर मावणे शक्यच नव्हते, म्हणून काटोलकडे भावाच्या शेताच्या धुऱ्यावर कडुनिंब, करंज आणि आंबा लावला आहे. त्यांतली सहा रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली, ती या पावसाळ्यात पुन्हा लावायची आहेत. फाटकाजवळची जागा वर तारा असल्यामुळे मोठ्या झाडाची नाही. तिथे गट्टू उखडून पारिजातक लावला आहे, आणि काकांची नवी गाडी हल्ली त्याच्याच शेजारी उभी असते.